आरपार दिसणारा फिल्टर

आमच्या घरात हळू कोणी बोलतच नसे. घराला लागून बाबूजींची धान कांडायची गिरणी, हलर, होती, आणि ती सुरू असली की ताटावर मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं ओरडावं लागे. पहिल्यांदा आलेला पाहुणा गडबडून जाई. त्याला वाटे आपण नेमके वाटणीच्या दिवशी येऊन टपकलो. खऱ्या रागाची खूण वेगळी होती. बाबूजींना मनापासून राग आला की ते मोटर बंद करत. पट्टा फडफडत थांबे, धान कांडायला आलेली माणसं आपापल्या चुंगड्यांवर, म्हणजे पोत्यांवर, गप बसत, आणि मग बाबूजी इतक्या हळू आवाजात बोलत की ऐकण्यासाठी अपराध्याला स्वतःहून जवळ जावं लागे. माझ्या विसाव्या वर्षापर्यंत माझ्यासाठी मोटर सात-आठ वेळा तरी बंद झाली असेल. माझी मोठी बहीण शकुन, आमची दीदी, हिच्यासाठी ती एकदाच बंद झाली, आणि ती माझ्या करणीनं. आता माझे गुडघे वाजतात, डॉक्टरनं रागवायला मनाई केलीय, तरी त्या दुपारची आठवण आली की मी घरात कोणावर तरी विनाकारण ओरडतो. बायको म्हणते, यांना पित्त झालं. होऊ दे तिचा समज.

हलर असलेल्या घराला धुळीचं काय ते विचारू नये. तांदळाचा कोंडा इतका बारीक असतो की तो दाराच्या फटीतून नाही, दारातूनच येतो असं वाटतं. आमच्या भुवया पांढऱ्या, कॅलेंडरवरचे देव पांढरे, वाळत घातलेली लुगडी पांढरी. अख्खा तांदूळ विकायला जाई आणि घरात कणी शिजे. कणीचा मऊ भात, लाखोळीची डाळ, थंडीत पोपटाच्या शेंगांची भाजी. माय प्रत्येक गोष्ट चाळून, पाखडून, फडक्यानं गाळून घेई, पाणीसुद्धा. आणि बाबूजी दर रविवारी मोटारसायकलचा स्पंज धूत. शंभर सीसीची साधी गाडी होती. ते तिचं बाजूचं झाकण उघडत, आतल्या काळ्या डब्यातून फिल्टरचा स्पंज काढत, रॉकेलमध्ये मुलाचं लंगोट पिळावं तसा हळुवार पिळत, सावलीत वाळवत, मग इंजिन ऑइल चोळून पुन्हा बसवत. सकाळ त्यातच जाई. 'गाडी नाकानं श्वास घेते,' ते म्हणत. 'हे तिचं नाक होय.' शेजारी उभा राहून मी लाजेनं मरत असे. गोंदियात माझ्याबरोबरच्या पोरांच्या गाड्या गुरगुरत, आणि आमची गाडी दर रविवारी नाक शिंकरत होती.

त्या दिवाळीपर्यंत मी धरून चाललो होतो की गाडी माझी आहे. असं कोणी म्हटलं नव्हतं. पण मुलगा मी एकटा, आणि बी.कॉम.चं दुसरं वर्ष तिसऱ्यांदा करत असल्यामुळे कॉलेजला येण्याजाण्याचा माझा अनुभवही दांडगा होता. दीदी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिनं नर्सचं शिक्षण घेतलं होतं आणि गिरणीच्या अंगणात गोल गोल फिरून गाडीही शिकली होती. सलवार-कमीज घातलेली पोरगी कोंड्याच्या ढिगाला वळसा घालतेय हे पाहायला गिऱ्हाईकं धान तसंच ठेवून उभी राहत. बाबूजी तेव्हा हसत. मग तिला नेमणुकीचा कागद आला, पार केशोरीकडच्या एका उपकेंद्रात. तिच्याकडे सात गावं, काही जंगलाच्या कडेला, बस फक्त केशोरीपर्यंत. जेवताना बाबूजींनी जाहीर केलं, 'डिसेंबरात गाडी शकुन नेईल.'

'आन मी?'

'तुले कुठं जाचं आहे?'

मला कुठंच जायचं नव्हतं, हाच खरा अपमान. मी ताटावरून उठलो. माय म्हणाली, 'पोरीची जात, एकटी रानातून गाडीवर जाईल, लोक काय म्हनतीन?' मला तिच्या त्या बोलण्याचा इतका आनंद झाला की मी परत येऊन भात मागून घेतला. हे लिहिताना माझाच मला संताप येतो, पण आत्मकथन लिहायला घेतलं की भातही लिहावा लागतो.

गाडी जायला महिना होता. मी ठरवलं, हा महिना तरी ती माझ्यासारखी वाजली पाहिजे. सर्व्हिसिंगचं निमित्त करून मी गोंदियाला गेलो आणि बाजारातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात शिरलो. आज पोरं मोबाइलवर तासतासभर फिल्टरची चर्चा बघतात, हवा किती, धूळ किती, आलेख काढून. माझी सगळी चौकशी एका पायरीवर उभं राहून दहा मिनिटांत झाली. सेठनं काचेवर तीन वस्तू मांडल्या.

'ये पेपरवाला. शरीफ आदमी का माल है, फॅमिली के लिए.'

'फॅमिली' म्हटल्याबरोबर तो बाद झाला.

'ये लाल, कपडेवाला. चीज बढ़िया, मगर इसको धोना पड़ता है, तेल पिलाना पड़ता है.'

म्हणजे पुन्हा रविवार, पुन्हा रॉकेल, पुन्हा बाबूजी. तोही बाद.

तिसरा शंकूसारखा, नुसत्या स्टीलच्या जाळीचा, टोकाला चकचकीत टोपी. सेठ म्हणाला, 'और ये खुला माल. आरपार देख लो.' मी डोळ्याला लावून पाहिलं. जाळीतून मला सेठ दिसला, त्याच्यामागचं कॅलेंडर दिसलं, कॅलेंडरवरची तारीखही वाचता आली. मी तोंड लावून फुंकर मारली तर उदबत्तीचा धूर हलला. ज्यातून पलीकडची तारीख वाचता येते त्यातून कोंडा जाईल की नाही, हा प्रश्न हलरवाल्याच्या पोराला पडू नये! उलट मला वाटलं, काय पारदर्शक वस्तू आहे. पुढची कितीतरी वर्षं मी त्या सेठला मनातल्या मनात शिव्या घातल्या, लोकांपुढेही घातल्या. पण खरं सांगायचं तर त्यानं विचारलं होतं, 'गाड़ी चलती कहाँ है?' मी म्हटलं, 'रोड पे.' आणखी कुठं चालणार? गाडी दिवसभर उभी कुठं असते, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

नवी जाळी बसायला जुना डबा पुरा काढावा लागला. तो घरी नेला असता तर प्रकरण उघडं पडलं असतं, म्हणून मुर्रीच्या वाटेवर भंगारात दिला आणि आलेल्या पैशांचे समोसे खाल्ले. स्पंजासकट. म्हणजे स्पंज खाल्ला नाही, दिला. गाडी मात्र अशी वाजायला लागली की उड्डाणपुलावर एक सायकलवाला दचकून कडेला झाला. मी धन्य झालो.

'आवाज काऊन बदलला गा?' घरी पोचताच बाबूजींनी विचारलं. हलरनं त्यांचे कान अर्धे नेले होते, तरी.

'सर्व्हिस केली. छाती मोकळी झाली तिची.'

रविवारी ते रॉकेलची वाटी घेऊन निघाले तेव्हा मी वाटी हातातून घेतली. 'राहू द्या बाबूजी, आतापासून मी करतो.' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बी.कॉम. पास झालो असतो तरी तसं पाहिलं नसतं. आत जाऊन मायला सांगितलं, पोरगा सुधरून राहिला. आणि पोरगा भुशाच्या ढिगामागे जाऊन रॉकेलचा बोळा हाताला चोळत बसला होता, वास यावा म्हणून. असे चार रविवार गेले. दिवस धान कांडायचे, हलर सकाळी सातपासून सुरू, आणि गाडी तिच्या कोंड्याच्या तोंडापासून दहा पावलांवर. महिन्याच्या शेवटी किक मारली की मागून निळसर धूर यायला लागला. मी म्हटलं, थंडी आहे.

दीदी निघाली त्या सकाळी तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. तेल, ब्रेक, चेन, सगळं विचारलं. मग म्हणाली, 'फिल्टर दर रविवारी मीच धुवू ना? बाबूजी धुतात तसा?'

'नाई लागत. नवीन टाइपचा आहे. धुवाचा नसते तो.'

'बरं,' ती म्हणाली. मी सांगितलं म्हणून बरं. तो 'बरं' मला अजून ऐकू येतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात ती परत आली ती धानाच्या ट्रकमध्ये, चुंगड्यांमागे आडवी बांधलेली गाडी घेऊन. कोपर सोललेलं, सलवार गुडघ्यावर फाटलेली. लसीकरणाचा दिवस होता. बर्फात ठेवलेला लसींचा डबा मागे बांधून ती रानाकडच्या गावाला निघाली होती, आणि मधेच इंजिन एकदम जाम झालं. मागचं चाक फरफटलं, ती पडली. डबा छातीशी धरून तिनं पाच किलोमीटर वाट तुडवली, तिथं अंगणवाडीपुढे बाया पोरं घेऊन बसलेल्या, त्यांचं सगळं उरकलं, मग गाडीकडे परतली. हे तिनं फार थोडक्यात सांगितलं. पण ऐकायचं कोणाला होतं? चुंगड्यांवरच्या लोकांनी निकाल लावूनच टाकला होता.

'बाईमानसाच्या हाती मशीन.'

'तेल पायलंच नसन.'

माय तिच्या कोपराला हळद लावत म्हणाली, 'मी म्हनतच होती.' दीदी सगळ्यांना सांगत राहिली की तेल ती रोज पाहायची, ते कमी होऊन राहिलं होतं, दोनदा भरलं, तरी संपायचं. आणि मी? मी खांबाला टेकून शेंगदाणे खात होतो. कोणी मला काही विचारलं नव्हतं. मी गप राहिलो असतो तरी पाप पुरेसं होतं. पण जीभ सुटली. मी म्हणालो, 'चोक ओढूनच चालवली असन.'

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे आणि त्यातला बराचसा हसत सांगतो. त्या वाक्यावर मला हसता येत नाही. लोक हसले, मी त्यांच्याबरोबर हसलो, आणि तेवढ्यात बाबूजींनी मोटर बंद केली.

ते हळू आवाजात म्हणाले, 'शकुन, गाडी आता इथंच राहील. आन तूबी.'

'माही नौकरी आहे, बाबूजी.'

'कागद लिहून दे त्याहीले. जमत नाई म्हनून.'

दीदीच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसली. त्याच वेळी रामखिलावन मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आला. बाबूजींनी त्याला मुर्रीहून बोलावून घेतलं होतं. माणूस छत्तीसगडचा, बोलणं कमी. त्यानं इंजिनला हात लावण्याआधी बाजूचं झाकण काढलं. मग आत बोट घालून फिरवलं. बोटावर तेल आणि कोंडा मिळून झालेला करडा चिखल होता.

'डब्बा कहाँ है?' त्यानं विचारलं. 'ये जाली किसने लगाई? पूरा भूसा इंजन में गया है. पिस्टन, रिंग, बोर, सब घिस गया.'

सगळ्यांनी दीदीकडे पाहिलं. दीदीनं माझ्याकडे.

तिनं मिस्त्रीच्या हातून जाळी घेतली, फडक्यानं पुसली, गिरणीच्या तोंडाखालचा मूठभर बारीक कोंडा उचलला आणि मायच्या सुपावर जाळी धरून वरून सोडला. कोंडा जाळीत क्षणभरही थांबला नाही. सगळा सुपात. तिनं पुन्हा मूठ घेतली, पुन्हा सोडली. चुंगड्यांवरची माणसं उठून जवळ आली. या कामातलं त्यांना सगळं कळत होतं.

'धुवाचा नसते म्हने,' दीदी मला म्हणाली. आवाज शांत होता, ओठ पांढरे पडले होते. 'आता बोल ना. चोक ओढला होता का मी?'

मी आणखी एक शेंगदाणा तोंडात टाकला.

'बोल बे. मघा तं लय दात काढून राहिला होता.'

पश्चात्तापानं कबुली दिली असं लिहायला मला आवडलं असतं. मी संतापून ओरडलो. 'हो, मी लावली! माही गाडी होती ते! तुले काऊन देली?' मोटर बंद असल्यामुळे ते अख्ख्या गावानं ऐकलं असणार. बाबूजींनी माझ्या थोबाडीत मारली. इतकी की तोंडातला शेंगदाणा मिस्त्रीच्या पिशवीत गेला. पहिल्यांदाच मारलं त्यांनी, आणि ते मला पटलंही.

पटलं नाही ते पुढचं. हात खाली घेऊन बाबूजी दीदीकडे वळले. मला वाटलं, आता म्हणतील, पोरी, चुकलो. ते म्हणाले, 'गाडी कोनं बिघाडली हे वेगळं. पन रानात बंद पडली अन् तू एकटी होतीस. उद्या काही झालं तं? कागद लिहून दे.'

म्हणजे गुन्हा माझा सिद्ध झाला, मला चपराक मिळाली आणि शिक्षा तिचीच कायम राहिली. माय मान हलवत होती. लोकही. मघाशी तिला हसणारे आता कळवळ्यानं तेच सांगत होते, खरं आहे बाई, एकटीनं कायले? माझा गाल जळत होता आणि मला त्या सगळ्यांचा, बाबूजींचाही, असा राग आला की मी विसरून गेलो, ह्याची सुरुवात मीच केली होती. आजही विसरतो अधूनमधून. त्या रागात एक सोय आहे.

दीदीनं जाळी सुपात ठेवली. 'एकटी नको ना?' ती म्हणाली. 'ठीक आहे. मंग हा चालल माह्यासंग.'

'कोन?' माय म्हणाली.

'हाच. यानं गाडी मारली, तं गाडीचं काम हाच करन. इंजिन बनून येतवर लसींचा डबा याच्या डोक्यावर.'

'परीक्षा आहे त्याची,' माय म्हणाली.

'तीन वर्सांपासून आहे.'

चुंगड्यांवर हशा झाला. बाबूजी हसले नाहीत, पण एकटी नको, हे त्यांचंच म्हणणं होतं. ते जाऊन मोटरपाशी उभे राहिले. मग त्यांनी ती सुरू केली. आमच्या घरात परवानगी अशीही मिळे.

सोमवारी पहाटे मी तिच्या मागून केशोरीच्या बसमध्ये चढलो. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत मी लसींचा डबा वाहिला. शेतांच्या धुऱ्यांवरून, धानाच्या रिकाम्या बांध्यांतून, मोहाखालून, सात गावं. बर्फ वितळायच्या आत पोचायचं म्हणून ती पुढं झपझप चाले आणि मागं वळून पाहत नसे. कामापुरतं बोले. 'डबा सावलीत ठेव.' 'पोराचा पाय धर.' टोचताच पोरं माझ्या तोंडावर रडत आणि काही त्याहून वाईट करत. बाया विचारत, 'हा कोन होय, सिस्टर?' ती सांगे, 'डबा उचलते.' भाऊ असं तिनं एकदाही सांगितलं नाही. पहिले काही दिवस मी तिच्यावर चिडून होतो. पायाला फोड आल्यावर चिडायला तेवढी ताकद राहिली नाही. मग एकदा त्या जागेवरून गेलो जिथं ती पडली होती. तिथून पुढच्या गावापर्यंत मी पावलं मोजायला लागलो आणि अर्ध्यात मोजणं सोडून दिलं.

इंजिन तयार व्हायला रामखिलावननं बरेच दिवस घेतले. कोरा डबा, कोरा स्पंज. ते दीदीनं स्वतः गोंदियाला जाऊन, त्याच बाजारात तीन दुकानं फिरून, घासाघीस करून आणले. मला बरोबर नेलं नाही. एका सकाळी बाबूजींनीच गाडी चालवत उपकेंद्रापर्यंत आणली, किल्ली तिच्या हातात दिली आणि बसनं परत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. फार हळू बोलत होते.

दीदीनं लसींचा डबा मागच्या कॅरिअरला स्वतः बांधला, दोरी दोनदा ओढून पाहिली. माझं काम संपलं होतं. संध्याकाळच्या बसनं जायचं होतं. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

'दीदी, राग गेला का?'

'नाई,' ती म्हणाली. किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, मऊ, कोणाला ऐकू येऊ नये अशी. 'भात झाकून ठेवला आहे. जेवून घे.' आणि ती गेली.

मी आत जाऊन बसलो. भूक सपाटून लागली होती. पातेलं पुढं ओढून सगळा भात संपवला, बुडाशी लागलेला खरवडूनसुद्धा. तिचं जेवण अजून व्हायचं होतं, हे पातेलं घासताना माझ्या लक्षात आलं.